डाव्या हाताला समुद्र

पुतणीच्या लग्नाला मुलाकडचे बत्तीस पाहुणे आदल्या दिवशी सकाळीच येऊन दाखल झाले. त्यांना दिवसभर गुंतवून कोण ठेवणार, हे घरात विचारायचीही गरज पडली नाही. नवरीचा काका पर्यटनाच्या बसवर गाईड होता. तीस वर्षं तो परगावच्या लोकांना हे शहर दाखवत आला होता. आवाज असा खणखणीत, की ऑफिसात सगळे त्याला भोंगाच म्हणत.

बस निघायच्या आधी नवरी धावत दाराशी आली. "काका, मावशीपण येतेय हं. नाही म्हणू नकोस."

"मी कोण नाही म्हणणारा?" तो म्हणाला, आणि उगाचच माइकची वायर सोडवत बसला.

ही मावशी म्हणजे त्याची एके काळची बायको. दोघा भावांना दोघी बहिणी दिलेल्या. थोरल्याचा संसार रुळला, धाकट्याचा चौदा वर्षांनी आटोपला. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. ती आईच्या आजारपणात माहेरी गेली, तिथल्या बालवाडीत नोकरीला लागली, आणि पुढे आली ती फक्त कागदांवर सह्या करायला. त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती.

ती बसमध्ये चढली. केस पांढरे झाले होते, चष्मा नवा होता. "इथं बसलं तर चालेल ना?" तिनं विचारलं. पूर्वी ती 'अहो' म्हणायची. आता त्याला हाक मारायला तिच्याकडे शब्दच उरला नव्हता.

"मंडळी, उतरताना चपला आणि सासूबाई, दोन्ही मोजून घ्या!" त्यानं नेहमीची सुरुवात केली. बस खदखदून हसली. मत्स्यालयात तो एका गलेलठ्ठ माशासमोर थांबला. "हे आपल्याकडचेच पाहुणे. पंगत कधी बसतेय म्हणून केव्हाचे तोंड उघडून उभे आहेत." पुन्हा हशा. ती मात्र काचेला नाक लावून उभी होती. शेजारच्या छोट्या मुलीला म्हणत होती, "अगं, मीपण पहिल्यांदाच बघतेय."

इथून वीस मिनिटांवर ती चौदा वर्षं राहिली होती. सुरुवातीला दर आठवड्याला विचारायची, मलाही न्या ना एकदा. सुट्टीच्या दिवशी तर त्याच्या बसला जास्त गर्दी. पुढच्या रविवारी जाऊ, तो म्हणायचा. मग ती कधीमधी विचारू लागली, मग विचारेनाशी झाली. तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं, हेही त्याला आठवलं.

दीपगृहाला एकशे शहाऐंशी पायऱ्या. एरवी तो पाहुण्यांना वर धाडून खाली चहा पीत बसे. आज गुडघे कुरकुरत असताना चढला. वर वारा भणाणत होता. ती कठड्याला धरून उभी होती.

"आपलं घर कुठलं?" तिनं विचारलं, आणि लगेच सावरून म्हणाली, "म्हणजे, ते घर."

"ती पाण्याची टाकी दिसते? तिच्या मागं."

"एवढं समुद्राजवळ होतं?" ती हसली. "कपडे दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत, तेव्हाच कळायला हवं होतं."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढायला बोलावलं.

खाली आल्यावर ती म्हणाली, "जाताना बाजाराच्या मागच्या वळणावर दोन मिनिटं बस थांबवाल?"

"तिथं काय आहे बघायला?"

"आहे."

वळणावर एक लॉन्ड्री होती, पुढे तीन दगडी पायऱ्या. ती मधल्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तो मागोमाग गेला.

"तुमची बस चारच्या सुमाराला इथून जायची," ती म्हणाली. "मी भाजी घेऊन इथं थांबायची. पिशवी खाली ठेवून हात हलवायची."

"रोज?"

"रोज कुठलं? जमेल तसं. पण बरीच वर्षं."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. याच वळणावर घरं संपायची आणि समुद्र एकदम समोर यायचा. तो माइक घेऊन उभा राहायचा, ओरडायचा, डाव्या हाताला बघा, समुद्र! सगळी बस डावीकडे वळायची. तोही. लॉन्ड्री उजव्या हाताला होती.

"एकदा तरी बोलायचंस गं."

"सांगून बघायला लावण्यात काय गंमत?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच त्याला जास्त लागलं.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बस सुटली, समुद्र आला, पण त्याला आवाजच फुटेना. "भोंगा बिघडला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. पाहुण्यांनी आपापलं पाहून घेतलं.

लग्न छान पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बॅग घेऊन तो स्टँडवर गेला. गाडी लागली होती. ती खिडकीत बसल्यावर त्यानं खालूनच विचारलं, "तुमच्या गावी काय आहे बघण्यासारखं?"

"काही नाही. एक तळं आहे. आमची बालवाडी."

"मी आलो तर दाखवशील?"

ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली. "सुट्टी लागू दे," ती म्हणाली. "मग बघू." गाडी हलली.

घरी आला तेव्हा वहिनी उरलेली भांडी मांडत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात नुसताच उभा राहिला.

"काय हवंय भावजी?"

"काही नाही. वहिनी, तिकडच्या बालवाड्यांना सुट्टी कधी लागते?"

वहिनीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि आपल्या या दिराकडे पाहिलं. "दीड महिना आहे अजून," ती हळूच म्हणाली, आणि त्याच्यासाठी पाट सरकवला.