गोटीराम भगताची परात

पंचवटीतल्या त्या बोळात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. बयाबाईच्या ओट्यावर बाया, खिडकीच्या गजांना लोंबकळलेली पोरं, आणि मेथीच्या जुड्या तशाच टाकून आलेल्या माळणी. सन चौतीसच्या सुमाराची गोष्ट. बयाबाईच्या सुनेला हडळ लागली होती, आणि पेठच्या डोंगरातून आलेला गोटीराम भगत ती सगळ्यांना दाखवणार होता. फुकटचं बघायचं म्हटल्यावर घरी कोण बसतं?

सिंधू मधोमध पाटावर बसली होती. बाळंत होऊन बाविसावा दिवस. आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. मुलगा चांगला गुटगुटीत. पण तो रडला की ते रडणं दोन घरं पलीकडून आल्यासारखं तिला वाटे. त्याला पाजायची, खाली ठेवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. झोप नाही, भूक नाही. दुःखही नाही, हे मात्र कुणाला सांगून पटत नव्हतं. बारशाला सगळ्या हसल्या, ही हसली नाही. तेवढ्यावरून शेजारच्या नवसाबाईने हडळ ओळखली आणि भगत आणला.

भगताचं म्हणणं असं, की परातीतलं पाणी लाल झालं तर सिंधूच्या कपाळाला तापल्या विळ्याचा डाग द्यायचा, आणि पोर आजच्या आज तिच्यापासून तोडून ओझरला नवसाबाईच्या बहिणीकडे पाठवायचं. विळा शेगडीत तापतच होता. नवरा, यादव, मान खाली घालून उभा. डाग दिल्यावर तरी काही वाटेल का, एवढंच सिंधूच्या मनात आलं.

"ह्ये कुंडाचं पानी हाय!" भगताने तांब्यातलं नितळ पाणी परातीत ओतलं. "बाईचा हात लागला तर पानी ऱ्हाईल, हडळीचा लागला तर रगत व्हईल! तेरा हडळी बाटलीत भरल्यात म्या. ही चौदावी लय माजलीय, पन बाटली बी मोठी आनलीय!"

त्याने सिंधूचे हात धरून परातीत बुडवले. पाणी लाल झालं. बायांनी किंकाळी फोडली, माळणी मागे सरल्या. सगळे भगताच्या गरगर फिरणाऱ्या डोळ्यांकडे बघत होते. भीती वाटत नव्हती ती एकट्या सिंधूला, म्हणून ती तांब्याकडे बघत होती. तांब्याच्या काठाला पांढरी कड सुकली होती.

"चुना आहे त्यात," ती म्हणाली. आवाज सपाट.

"बोलली! हडळ बोलली!" भगत उडालाच. "हाडं खाऊन तोंड मिळमिळीत झालंया, चुना मागतीया!"

आता सिंधू काहीही बोलली तरी ते हडळीचंच. भगताने विळ्याला हात घातला.

"थांब रे." बयाबाई पुढे आली. नातू तिने यादवच्या हातात दिला. "हडळ बोलली असो नाहीतर माझी सून. ती चुना म्हणाली, तर चुना आहे का ते बघू."

तांब्यात उरलेलं पाणी तिने स्वच्छ ताटात ओतलं आणि नातवाला हळद-तेल लावून पिवळे झालेले स्वतःचे हात त्यात घातले. ताट लाल झालं.

"माझ्यातही शिरली का? बरीच हिंडते की!" तिने भगताचा पंजा धरला, त्याला चिमूटभर हळद फासली आणि तांब्याच्या तळाशी राहिलेले थेंब त्यावर टाकले. पंजा लालबुंद. "अगं बाई, भगताला पण लागली! नवसे, आण ती मोठी बाटली!"

ओट्यावर पहिलं हसू फुटलं. मग बयाबाईने घरच्या रांजणातलं पाणी घेऊन त्यात हळद टाकली. पाणी पिवळंच राहिलं.

"ही चुन्याची निवळी आहे, चुना खाली बसल्यावर वर राहतं ते नितळ पाणी," ती लोकांना म्हणाली. "हळद पडली की लाल होते. आणि बाळंतिणीच्या अंगाला हळद नसते कधी? कुठलीही बाळंतीण आणा, या मेल्याच्या परातीत हडळच ठरेल. तीस वर्षं आमच्या घरात हळदीला चुना देऊन कुंकू होतंय. बाळंतपणाचा विटाळ म्हणून सव्वा महिना काम बंद ठेवलं, तर सोबत अक्कलही बंद ठेवली मी!"

भगत बाटली टाकून पळाला.

"मग हिला झालंय तरी काय?" नवसाबाई पुटपुटली.

बयाबाईने हात पदराला पुसले. "यादव झाला तेव्हा तीन महिने मलाही हेच होतं. पोर रडायचं आणि मी भिंत बघायची. बोलले नाही कुणाला. बोलले असते तर माझ्याही कपाळाला डाग असता. जा सिंधे, झोप. पोर आम्ही बघतो. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

सिंधू आत जाऊन आडवी झाली आणि चार तास झोपली. उठली तेव्हा बरी झाली होती, असं सांगायला ही काही भगताची गोष्ट नाही. उठली तेव्हाही तिला काही वाटत नव्हतं. होळी गेली, पाडवा गेला, तेव्हा कुठे एक दिवस पोराने जांभई दिली आणि तिला त्याचं तोंड बघत राहावंसं वाटलं.

बाळंतपणात हात-पाय दुखतात तसं मनही दुखतं, कधी बधिर होतं. त्याला अंगारा नको, डाग नको. बाळंतिणीला झोपू द्या, पुढ्यात गरम ताट ठेवा, पाळणा घटकाभर तुम्ही हलवा, डॉक्टरला दाखवा. आणि ती म्हणाली, "मला काहीच वाटत नाही," तर तिच्या तोंडून दुसरं कुणी बोलतंय असं समजू नका. तीच बोलते आहे. ऐका.