पुढच्यांना जाऊ दे

"आधी ते इंजिन बंद कर!" मामा मागच्या सीटवरून ओरडला. "येणारी हरणंसुद्धा पळतील!"

माझ्या धाकट्या भावानं, वॉरननं, किल्ली फिरवली. जाड टायरांची ती उघडी गाडी टेकडीच्या माथ्यावर गप्प झाली. मी मामाला हात धरून उतरवलं आणि खडकाला टेकवून बसवलं.

टायटस मामानं जन्मभर आमच्या गावचा पेट्रोल पंप चालवला. पंप कसला, एक टाकी, एक नळी आणि हा माणूस! आता त्याचे डोळे गेले होते, मूत्रपिंडंही निकामी झाली होती. उद्याचं विमान त्याला शहरातल्या इस्पितळात नेणार होतं. तिथून तो परत येणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. जायच्या आधी कॅरिबू हरणांचा कळप एकदा ऐकायचा, एवढाच त्याचा हट्ट. आणि यंदा हरणांचा पत्ताच नव्हता.

"इथवर यायला किती पेट्रोल जळलं, माहितीये?" वॉरन कुरकुरला. तो उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला असतो. "तुझ्याच पंपावरचं, सोन्याच्या भावाचं. तिकडं किनाऱ्यालगतच्या राखीव रानात खणू दे, मग बघ भाव कसा उतरतो ते."

"तुमच्या विहिरींचं तेल पहिल्यांदा पाइपातून वाहायला लागलं तेव्हाही कंपनीवाले हेच सांगत होते," मामा म्हणाला. "भावाची पाटी मीच रंगवायचो ना? दर वेळी वरच गेला. आपल्याकडं पेट्रोल विमानानं येतं, बाबा. शहरात होईलही थोडं स्वस्त, मला काय कळतंय? पण खणायचं कुठं, तर हरणं व्यायला जातात तिथंच? बाळंतिणीच्या खोलीत?"

"आणि हिवाळ्यात आम्ही काय जाळायचं? तुझी पाटी?"

"जाळ की. चांगली जाड झालीय, रंगाचे थर बसून बसून." मामा खो खो हसला.

"भांडा, भांडा," मी म्हटलं. "तुमचा आवाज ऐकूनच हरणं येत नसतील."

तेवढ्यात खालच्या खिंडीत काहीतरी हललं. मोजकीच हरणं होती, माना उंचावून वास घेत येत होती. वॉरननं बंदूक उचलली. त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं. मामाला वाटीभर सूप पाजूनच विमानात बसवायचं, म्हणून सकाळीच तो पातेलं घासून चुलीवर ठेवून आला होता.

मामानं बंदुकीचा खटका ऐकला. "पुढची आहेत?"

"हो."

"मग ठेव खाली."

पुढच्यांना हात लावायचा नाही, त्यांच्याच वाटेनं मागचा कळप येतो. हे आमच्याकडं पोरांना चालता येण्याआधी कळतं.

"मागं काहीच दिसत नाही, मामा." वॉरनची बंदूक अजून रोखलेलीच होती. "एवढीच असली तर? तुला जायच्या आधी..."

"एवढीच असली तर एवढीच गेली. पुढच्यांना जाऊ दे."

वॉरननं बंदूक खाली ठेवली. हरणं समोरून निघून गेली. खिंड रिकामी झाली ती रिकामीच. मी मनातल्या मनात म्हाताऱ्याच्या हेकेखोरपणाला शिव्या घालत बसले.

आणि मग अख्खा डोंगर चालायला लागला.

अगं बाई गं! लहानपणापासून बघतेय मी, तरी दर वेळी नवंच. उतारावर जमीनच दिसेना. पाठीला पाठ, शिंगाला शिंग, आणि चालताना त्यांचे घोटे वाजतात ती कटकट, हजारो घोट्यांची. आमच्या खडकापाशी कळप दुभंगायचा आणि पुढं जाऊन परत एक व्हायचा. श्वासांची ऊब तोंडावर येत होती. वॉरन टोपी काढून उभा होता. ती त्यानं कधी काढली, त्यालाही कळलं नसावं.

एक पिल्लू आईला हाका मारत अगदी मामाच्या पायाशी आलं.

"यंदाचं आहे," मामा पुटपुटला. त्याचे गाल ओले झाले होते. "तिथलंच, त्या बाळंतिणीच्या खोलीतलं."

वॉरननं ठेवलेली बंदूक तिथंच पडून राहिली.

ऊन कलायला लागलं तरी कळप सरेना. मामा गारठला होता, त्याला घरी न्यायलाच हवं होतं. वॉरननं त्याला उचलून सीटवर बसवलं, गिअर काढला आणि इंजिन चालू न करताच गाडी उतारावर सोडली. मी मामाला एका बाजूनं धरलं होतं. दोन्हीकडं हरणं चरत होती, एकही बिचकलं नाही.

उतार संपला. पुढं गावापर्यंत सगळा दलदलीचा सपाट रस्ता.

"चालू करू का, मामा?"

"चरतायत अजून?"

"हो."

मामानं कान पुन्हा कळपाकडं वळवला. वॉरननं किल्ली खिशात टाकली आणि गाडीला खांदा लावला.