कानिशायचा सोन्याचा दात आणि दाताचा दगड

मित्रांनो, मी एक जुना सोन्याचा दात आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर मी दात नाहीच, दातावरची कॅप आहे. आत एक खराखुरा, अर्धा तुटलेला दात उभा आहे आणि मी त्याच्या डोक्यावर बसून सगळे श्रेय घेतो. तोंडाबाहेरही असे पुष्कळ चालते, म्हणून मला त्याची फारशी लाज वाटत नाही.

मी आधी कानात राहत असे. कानिशायच्या आईच्या कानातला डूल होतो मी. ती घोडीचे दूध काढत असताना माझा जोडीदार ओढ्यात पडला आणि वाहून गेला. एकटा डूल कोण घालणार? मी पेटीत पडून राहिलो. मग कानिशाय लग्न होऊन नारिन गावी आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिने कुरुत दातांनी फोडायला घेतले. कुरुत म्हणजे चक्क्यात मीठ घालून वाळवलेली गोळी. ती फोडायची नसते, चघळत बसायची असते. दात तुटला. कुरुताला ओरखडाही आला नाही. वाया जाऊ नये म्हणून ती गोळी तिच्या नवऱ्याने, एसेनगेल्दीने, खाऊन टाकली. मला वितळवून, ठोकून तिच्या वरच्या ओळीत मधल्या दोन दातांच्या शेजारी बसवले. आयुष्यभर ऐकण्याचे काम केलेल्या माझी अशी एकदम चावण्याच्या खात्यात बदली झाली.

पण खाते चांगले निघाले. कानिशाय तेमिर कोमुझ वाजवते. तुमच्या मोरचंगासारखे हे छोटे लोखंडी वाद्य पुढच्या दातांना टेकवून बोटाने छेडायचे आणि तोंडाच्या पोकळीत सूर घुमवायचा. ती वाजवू लागली की सभागृहातून घोडे दौडत गेल्यासारखे वाटे. दिव्याचा उजेड पडला की आधी मी चमके, मग टाळ्या पडत. त्या मलाच आहेत असे मी धरून चालत असे.

कार्यक्रमाआधी ती मला लोकरीच्या फडक्याने चोळी. फक्त मला. शेजारच्या दातांच्या वाट्याला सकाळी एक चूळ आणि दिवसभर जॅम घातलेला चहा. तुमचे कसे चालले आहे, असे मी त्यांना कधी विचारले नाही. सोन्याला कीड लागत नाही, मग चौकशा करायच्या कशाला?

हळूहळू हिरडीच्या कडेला काहीतरी साचू लागले. आधी पिवळट, मग तपकिरी, मग टणक. तुम्ही त्याला कीटण म्हणता. आमच्याकडे म्हणतात 'तिश ताशी', दाताचा दगड. मित्रांनो, सगळा घोटाळा या शब्दाने केला. कारण एसेनगेल्दी हा नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, गोल तंबू उभारणारा माणूस. वादळ आले की छतातून दोर खाली सोडायचा, त्याला जड दगड बांधायचा, म्हणजे तंबू उडत नाही. दगड म्हणजे आधार, हे त्याच्या हाडात भिनलेले.

"दगड काढायचा नसतो, बायबिचे," तो बायकोला लाडाने आणि ठामपणे सांगे. "शेजारच्या बूरुलने काढून घेतला ना? महिन्याभरात दोन दात हातात!"

"तिचे आधीपासून हलत होते."

"हलत होते, पण तोंडात होते!"



मग एके दिवशी नानच्या तुकड्यावर लाल ठसा उमटला. आमच्याकडे नान उलटा ठेवणे वाईट, त्यामुळे डाग लपवायची सोय नव्हती. कानिशायने तो तुकडा घाईघाईने खाऊन टाकला. त्यानंतर डाग पडत राहिले आणि ती खात राहिली.

नोरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, सणाला काही आठवडे उरले होते. दरवर्षीप्रमाणे तिचे वादन ठरले होते. सरावाला तिने कोमुझ दातांना टेकवला, बोटाने छेडला, आणि सुरामागोमाग खडखडाट आला. रिकाम्या बशीत चमचा पडावा तसा. हललो तो मी नव्हे, माझा शेजारी, मधला दात. पण त्याचा धक्का माझ्या आतल्या दातापर्यंत पोचला आणि पहिल्यांदा मला कळले की आम्ही सगळे एकाच हिरडीचे भाडेकरू आहोत.

तिने वाद्य मांडीवर ठेवले. "संपलं. वाजवणार नाही मी. देऊन टाकते कुणाला तरी."

"तीन तारांचा कोमुझ शीक की," एसेनगेल्दी म्हणाला. "त्याला दात लागत नाहीत."

"तुम्हीही दुसरी बायको करा. तिला दात भरपूर असतील."

एसेनगेल्दीने गाडी काढली.

दातांची डॉक्टर झामिरा वयाने लहान, पण तिच्या हातातली सळई बारीक आणि निर्दय. ती हिरडीत खोल घालून पाहत थोरल्या बहिणीला विचारावे तसे तिने विचारले, "एजे, सफाई कधी केली होती?"

"रोज करते की," कानिशायने माझ्याकडे बोट दाखवले.

मी चमकलो. आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटले, थोडे कमी चमकता आले असते तर बरे झाले असते.

"पोरी, दगडाला हात लावू नकोस," एसेनगेल्दी मध्ये पडला. "त्यानेच सगळं धरून ठेवलंय."

"बाइके," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "तंबूच्या लाकडी जाळीच्या पायाशी ओलं शेण थापून ठेवाल का?"

"वेडी का खुळी? लाकूड कुजेल."

"पण वाऱ्यात धरून ठेवेल ना?"

"कुजेपर्यंत!" तो म्हणाला, आणि स्वतःचेच वाक्य ऐकून खुर्चीवर बसला.

यंत्र गुणगुणू लागले, पाणी उडाले, दगडाचे कपचे निघाले. मग मधला दात आधीपेक्षा जास्त हलला. कानिशायचा हात तोंडाकडे गेला. एसेनगेल्दी ताडकन उठला. "बघ! बूरुल झाली!"

"बसा, बाइके. आधाराला दगड टेकलेला होता, तो गेला म्हणून आता खरं कळतंय. हिरडीची सूज उतरली की ती पुन्हा घट्ट धरेल. आतलं हाड झिजलंय ते मात्र परत येत नाही. बूरुलताईंचं तेच झालं असणार, त्या उशिरा आल्या." मग ती कानिशायला म्हणाली, "मी सांगेपर्यंत वाद्य लावायचं नाही. आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायचं."

"तीन महिन्यांनी? मी गाडीचं तेल वर्षाने बदलतो!"

"तुमची गाडी जॅमचा चहा पीत नाही. ज्याच्या हिरड्या ठणठणीत, त्याचं सहा महिन्यांनी भागतं, कुणाचं वर्षानेही. एजेंच्या दुखावल्यात, त्यांना तीन महिने. तुमचं किती, ते तोंड उघडलंत की सांगते."

एसेनगेल्दीने तोंड घट्ट मिटले आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या.

त्या दिवसापासून कानिशाय मऊ ब्रशने सगळ्यांना सारखे घासू लागली. मला माझी पाळी येईपर्यंत थांबावे लागे. नानवरचे डाग आधी फिके झाले, मग थांबले. सणाच्या आदल्या दिवशी झामिराने मधला दात बोटाने हलवून पाहिला. "वाजवा. पण हलक्या हाताने."

घोड्यांच्या टापांची चाल कानिशायने त्या दिवशी वाजवली नाही. तिला जोर लागतो, आणि तो जोर आता बहुधा कधीच लावता येणार नाही. तिने एक मंद चाल घेतली. लोखंड दातांना टेकले. मी श्वास रोखला, म्हणजे दात जितका रोखू शकतो तितका. सूर निघाला. खडखडाट आला नाही. पहिल्या रांगेत एसेनगेल्दी तोंड मिटून रडत होता.

मित्रांनो, सफाईला किती महिन्यांनी जायचे हे शेजाऱ्याला विचारू नका, नवऱ्याला तर नकोच. तोंड उघडून दाखवा आणि दातांच्या डॉक्टरला विचारा. हिरडीतून रक्त आले तर वाट पाहू नका. मी सोने आहे. मी पडलो तर वाकून उचलणारे पुष्कळ भेटतील. तुमच्या साध्या पांढऱ्या दातासाठी कुणी वाकणार नाही. आधी त्याच्याकडे बघा.