बी वळतंच

"सोमवारी भरती करा म्हनलं होतं, काकू. आज बुधवार झाला," अपेक्षा फाटकातूनच म्हणाली. ती गावची आशाताई. पंचफुलाबाईच्या गरोदर सुनेचे, साधनाचे, सगळे कागद तिच्या काखेत होते. "लेकरू आडवं हाय पोटात. यवतमाळलेच न्या लागते."

पंचफुलाबाई अंगणात वाल लावत होती. तिने मान वर केली नाही. "वळते ते. अजून आठ दिवस हायेत."

बियाण्याच्या बाबतीत पंचफुलाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मुकुटबनच्या आसपास कुणाच्या कुंपणावर वालाचा वेल चढलेला दिसला, तर बी बहुधा तिच्याच गाडग्यातलं असायचं. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत, आणि खरं सांगायचं तर तीही ते मनावर घेऊन बसली होती. सून साधना पहिलटकरीण. मुलगा धम्मरत्न यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्यामुळे घरात चालायचं ते पंचफुलाचंच.

"हे पाय." चार दिवसांपूर्वी लावलेल्या आळ्यात बोट घालून तिने एक बी उकरलं. हातच्या काकणाला आरसा कशाला! "हे मी मुद्दाम उलटं लावलतं. मूळ वरतून निंगालं, अन् पाय कसं वाकून खाली गेलं. मातीत अंधार, सांगाले कोनी नाई. तरी त्याले समजते खाली कुठं अन् वर कुठं. बीले एवढी अक्कल, अन् मानसाच्या लेकराले नाई?"

अपेक्षा त्या वाकड्या मुळाकडे बघत राहिली. मूळ काही खोटं बोलत नव्हतं. "बीच्या भवताल माती भुसभुशीत असते, काकू. हिच्या पोटात पानी कमी हाय. फिरन कुठं ते?"

"तुमाले काय, उठसूट पोट कापाले सांगता."

ओट्यावर बसलेली साधना हळूच म्हणाली, "आत्याबाई, मले तं काई फिरल्यासारखं नाई लागून राह्यलं."

"बी फिरते तं मातीले समजते काय व?"

साधना हसली. तिचा सासूवर भरवसा होता, आणि घात झाला तो त्या भरवशानेच.

गुरुवारी सकाळी भाकरी थापता थापता साधनाचं पाणी गेलं आणि पाण्याबरोबर बाळाआधीच नाळ बाहेर आली. अपेक्षा धावत आली. गाडीही लवकर आली. कुणी कसूर केली नाही. पण नाळ दबून बाळ वाटेतच गेलं. शेवटी पोट कापूनच ते काढावं लागलं. मुलगी होती. साधना तेवढी वाचली.

"आधी का नाही आणलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पंचफुलाने तोंड उघडलं, पण वालाच्या बीची गोष्ट तिथे सांगता येईना. अंगणात एवढी पटणारी गोष्ट इथे तिची तिलाच वेडगळ वाटली. आपण मारलं लेकराला, हे तिला स्वच्छ कळत होतं. साधना भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी गावाबाहेर नाल्याच्या काठावर धम्मरत्नाने खड्डा केला. कारखान्याचा शर्ट अजून त्याच्या अंगातच होता. पंचफुला बाजूला बसली होती, मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली नात. खड्ड्यात उतरून त्याने हात पुढे केले आणि तो अडखळला. असं काम त्याने कधी केलं नव्हतं.

"माय, डोक्सं कोन्या आंगाले करू?"

पंचफुलाने फडक्यावरून हात फिरवला. डोकं कुठे आणि पाय कुठे, ते नीट चाचपून पाहिलं.

"मले नोको इचारू, बाबू," ती म्हणाली.

धम्मरत्नाने लेक घेतली आणि आपल्या मनाने ठेवली.