सुरीचा तीळ

रंग दोन घरं वर. डोळ्यांखालचं काढा.

भाचीने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पिळला आणि निगेटिव्हमधल्या बाईच्या गालावरून हलकेच फिरवला. बोळा करडा झाला. कुणाच्या तरी लग्नाआधी त्या गालावर चढवलेलं पेन्सिलीचं शिसं दोन पुसण्यांत निघून आलं. तिने निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली, मान तिरकी करून पाहिली आणि पुन्हा कपाळावरून बोळा फिरवला.

स्टुडिओ वडिलांचा. आता तिचा. अख्खी गल्ली तिला भाचीच म्हणे, कारण समोरच्या घड्याळाच्या दुकानातून आत्या दिवसातून दहादा "ए भाचे!" अशी हाक मारायची. बँकेतल्या माणसानेही एकदा तिला "या भाचीबाई, बसा" म्हटलं होतं.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. टोकदार पेन्सिलीने जितकं काळं करावं, तितकं माणूस कागदावर गोरं होतं. सुरीच्या टोकाने जितकं खरवडावं, तितकं काळं. वडिलांनी आयुष्यभर हेच केलं. गिऱ्हाइकाची मागणी ते पाकिटावर लिहून ठेवत आणि निगेटिव्ह त्याच पाकिटात घालत. आता संग्रहालयाच्या बाईंना प्रदर्शनासाठी तेच चेहरे पेन्सिलीसकट आणि पेन्सिलीविना, शेजारीशेजारी हवे होते. पेन्सिलीसकट एक छाप काढून झाला की भाची ती निगेटिव्ह धुवायची.

गाल भरा. उपाशी दिसते.

हे आईच्या पाकिटावर.

गाल आत घ्या. खात्यापित्या घरची दिसते.

हे तिच्याच मुलीच्या. मधे वीस-एक वर्षं गेली असतील. गाल तेच होते, आईकडून आलेले.

भुवया बारीक. केस फुगवा. चष्मा नको.

भाची पाकिटं चाळत बसली की तिला हसू येई. एका काळी सगळ्यांना जाड वेण्या हव्या होत्या, मग सगळ्यांना त्या नको झाल्या. कंबर आली आणि गेली. ओठ आधी लहान हवे होते, मग मोठे. रंगाची मागणी मात्र कधी बदलली नाही. प्रत्येक पाकिटावर तो वरच जात होता. छटांची ही घरं संपत कशी नाहीत, असं तिने एकदा वडिलांना विचारलं होतं. "कागद पांढरा होईपर्यंत वाव आहे," ते म्हणाले होते आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले होते.

(कोरं पाकीट)

"माझी धुतलीस का?" आत्याने दारातूनच विचारलं.

"अजून नाही. आज तुझाच नंबर."

"मग राहू दे."

"का गं?"

"का म्हणजे? मी काय ऐतिहासिक बाई आहे?"

"संग्रहालयाच्या बाईंना तुझाच फोटो सगळ्यात आवडला. दाराशी मोठा करून लावणार आहेत."

"म्हणजे लोक दारातूनच परत जाणार."

आत्या आत आली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलावर बसलं की ती आपोआप पाठ ताठ करायची आणि हनुवटी वर उचलायची. भावाने तशी सवयच लावली होती. हनुवटीच्या डाव्या अंगाला तिचा तीळ होता. नव्या माणसाला घड्याळाच्या दुकानाचा पत्ता सांगायचा तर गल्लीतले लोक म्हणत, हनुवटीवर तीळ असलेल्या आजी दिसल्या की तिथेच थांबा.

"खरंच धुवू नकोस," आत्या म्हणाली. आवाजातली थट्टा गेली होती.

भाचीने बोळा खाली ठेवला.

आत्याने दाराकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे तिचा नवरा, घड्याळजी, मान खाली घालून काम करत होता. मग तिने बोट जिभेला लावलं, हनुवटीवर घासलं आणि भाचीसमोर धरलं. बोटाच्या टोकाला काळं लागलं होतं. हनुवटी स्वच्छ होती.

भाची बघतच राहिली. तिने आत्याला बिनतिळाची कधी पाहिलीच नव्हती.

"तुझ्या बापाचा हात सटकला," आत्या म्हणाली. "निगेटिव्हवर हनुवटीपाशी एक डाग होता, तो सुरीने काढायला गेला. ओरखडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो ह्यांच्या घरी पाठवायचा होता. रडकुंडीला आला होता बिचारा. मग त्याने तो ओरखडाच गोल केला आणि मला म्हणाला, ताई, सध्या तिळाचीच फॅशन आहे."

"होती का?"

"नंतर आली म्हणे. मला काय माहीत! मी म्हटलं, असू दे. तर हे भेटायला आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, फोटोत एक तीळ होता ना?"

"अगं बाई!"

"उजेड कमी आहे म्हणाले मी, पाणी आणते म्हणून आत गेले आणि काजळाचा ठिपका देऊन बाहेर आले. तेव्हापासून चाललंय."

"सांगून टाकायचं ना मग कधीतरी."

"कधी? पहिल्या वर्षी वाटलं, जरा ओळख होऊ दे. मग मूल झालं, घाईगर्दीत राहून गेलं. पुढे वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, इतकी वर्षं का नाही सांगितलंस." आत्याने बोटावरचं काळं रुमालाला पुसलं. "रात्री दिवा मालवला की पुसते. पहाटे ह्यांच्याआधी उठते. एक नशीब बघ, ह्यांनी कधी त्याला बोट लावलं नाही. हातात हात घेतील, केसांवरून हात फिरवतील, पण हनुवटीला नाही."

रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. आत्या दचकून हनुवटीवर तळहात ठेवून बसली.

"धुतलीस की तीळ जाणार," ती म्हणाली. "दाराशी माझा बिनतिळाचा चेहरा, आणि त्याच्यासमोर हे."

"तीळ नाही जाणार, आत्या. पेन्सिल पुसली जाते. खरवडलेलं कसं पुसणार?"

"मग काय जाईल?"

"रंग. त्याने चढवलेला. खाली तुझा आहे तो येईल."

आत्याने स्वतःचे दोन्ही हात उलटे करून पाहिले. दाट, तांबूस काळसर हात.

"मग धू," ती म्हणाली आणि पर्समधून आरसा काढला. काजळाची पेन्सिल हनुवटीशी नेताना तिचा हात थरथरत होता. ठिपका मघापेक्षा बराच खाली उमटला. "बरोबर आलाय?"

"हो," भाची म्हणाली.

"ह्यांना काही बोलू नकोस हं."

चांगलं दिसेल असं बघा

दुपारी दुकान अर्धं बंद करून आतोबा आले. काम करताना डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी कपाळावर सरकवलं होतं आणि ते काढायचं ते विसरले होते.

"बघू आमच्या मंडळींना."

भाचीने नुकतीच धुतलेली निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि खालचा दिवा लावला. आतोबांनी भिंग डोळ्यावर ओढलं, वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"मेव्हण्याचा हात चांगला होता," ते अखेर म्हणाले. "सुरी इथे सटकलीय, ही शेपूट दिसतेय बघ. पण सावरलंय छान."

भाचीने टर्पेंटाइनच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"घड्याळवाला आहे मी. लग्नाच्या पहिल्या महिन्यातच लक्षात आलं. तीळ एका जागी राहीचना. सोमवारी जरा पुढे, गुरुवारी मागे. माझ्या दुकानात असतं तर उघडून बघितलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी मजा वाटली. मग रोज पहाटे ती उठून आरशासमोर बसायची आणि मी डोळे मिटून पडून राहायचो. माझ्यासाठी रोज कुणी एवढी खटपट करतंय, तर मी कशाला मोडता घालू?" त्यांनी भिंग कपाळावर ढकललं. "हात मात्र लावला नाही कधी. पुसला गेला असता."

ते उठले. दाराशी जाऊन थांबले. समोर आत्या गिऱ्हाइकाला घड्याळाचा पट्टा दाखवत होती.

"आता तिला नीट दिसत नाही. हात हलतो. परवा तर ठिपका पार जबड्याला गेला होता आणि ती तशीच बाजारात जाऊन आली. लोक हसतात गं. मला ते बघवत नाही. पण सांगणार कसं? सांगितलं की सगळंच सांगितल्यासारखं होतं."

"सांगून बघा ना."

"नको. आणि तूही बोलू नकोस."

भाची हसली. दोघांची एकच गोष्ट, आणि ती तिसऱ्याच्या खिशात.

पेन्सिल: रंग, कपाळ, डोळ्यांखाली. सुरी: ——

प्रत्येक फोटोखाली काय काय केलं ते लिहायचं होतं. संग्रहालयाच्या बाईंना आत्याच्या चिठ्ठीतली सुरीपुढची रेघ खटकली.

"इथे राहिलंय वाटतं."

"राहू दे ना, बाई."

"अहो, पण हनुवटीवर तर सरळ..."

"घरचं गिऱ्हाईक आहे," भाची म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पेन खिशाला लावलं.

जसं आहे तसं

प्रदर्शन सकाळी उघडलं. पहिल्या दालनात काळ्या दगडाची एक बाई उभी होती. नाक तुटलेलं, मांड्या भरदार, पोटाला वळी. आत्या तिच्यासमोर बराच वेळ रेंगाळली.

"पोट बघ हिचं. आणि आम्हाला श्वास रोखून उभं करायचे."

"तेव्हा तेच सुंदर होतं," भाची म्हणाली.

"हिला कुणी दोन घरं वर नाही नेलं?"

"दगड आहे तो, आत्या."

"म्हणूनच वाचली."

पुढच्या दालनात चित्रांतल्या बारीक अंगाच्या बायका होत्या, सगळ्या एका बाजूने बघणाऱ्या, डोळे कानापर्यंत गेलेले. त्यापुढे छापील चित्रांतल्या गुबगुबीत, गुलाबी बायका. "ह्या तुझ्या आजीच्या भिंतीवर होत्या," आतोबा म्हणाले. "आजी स्वतः काडीपैलवान." आणि मग फोटो.

फोटोंच्या दालनाच्या दाराशी आत्या दोनदा होती. डावीकडे पेन्सिलीची, उजळ, गुळगुळीत, चिनीमातीच्या कपासारखी. उजवीकडे धुतलेली. डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या रेषा, कपाळावर देवीचे दोन खड्डे, आणि सगळीकडून तिचा रंग. तीळ दोन्हीकडे होता, एकाच जागी.

"ही बरी दिसते," आत्या उजवीकडे बोट दाखवत म्हणाली. "हिला मी ओळखते."

आतोबा उजव्या फोटोसमोर इतके जवळ गेले की रखवालदाराला खाकरावं लागलं.

तेवढ्यात मागे दोन कॉलेजच्या मुली येऊन थांबल्या. एकीने फोटोकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"अय्या, ह्याच त्या आजी!" ती दुसरीला म्हणाली. "पण फोटोत तीळ इथे आहे. ह्यांचा तर बघ ना, पार खाली."

दुसरीने तिला कोपर मारलं. दोघी घाईघाईने पुढे सरकल्या.

आत्याचा हात हनुवटीकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. आतोबांनी मान फिरवून शेजारच्या फोटोखालची चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. ती चिठ्ठी एका ओळीची होती आणि ते वाचतच राहिले.  भाचीने पर्सचा बंद दोनदा बोटाला गुंडाळला.

आत्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. मग तिने भिंतीवरच्या आपल्या दोन चेहऱ्यांकडे पाहिलं, आधी डावा, मग उजवा. एक श्वास घेतला.

"अहो," ती म्हणाली. "जरा बघा. जागेवर आहे का?"

आतोबा वळले. क्षणभर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. खिशातून भिंग काढून त्यांनी डोळ्याला लावलं, फोटोपाशी वाकून तीळ पाहिला, मग तिच्यापाशी येऊन पाहिला. मागे लोकांची रांग अडली होती.

"पुढे गेलाय," ते म्हणाले. "बराच."

"मग घ्या मागे."

तिने पर्समधून काजळाची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली, तिच्या हनुवटीवर ठेवली आणि हळूच पुसलं. अंगठा काळा झाला. तो तिथून लगेच निघाला नाही.

"हलू नकोस," ते म्हणाले.

आत्याने पाठ ताठ केली आणि हनुवटी वर उचलली.