मेलेलं म्हणून खणात टाकलेलं कार्ड

हो, मीच बोलतोय. रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या खालच्या खणात, तुटक्या माऊसच्या बाजूला पडलेलं नेटवर्क कार्ड, एका संगणकातला मजकूर दुसऱ्याकडे पोचवणारं. माझ्यावर चिकटपट्टी लावून कुणीतरी 'खराब' असं लिहिलंय. खोटं आहे ते! धडधडीत खोटं!

रक्ततपासणीच्या खोलीतल्या संगणकात मी पहिल्यापासून होतो. मला बसवलं ते जुन्या संगणकवाल्या बाईंनी. त्यांनी त्यात संगणक चालवणारी, कुणालाही मोफत वापरता येईल अशी खुली प्रणाली घातली होती. या प्रणालीत माझ्यासारख्या प्रत्येक कार्डाला एक नाव असतं. एका साध्या फाईलमध्ये त्या नावाखाली पत्ता लिहून ठेवायचा. यंत्र सुरू झालं की प्रणाली ती फाईल वाचते, नावानं हाक मारते, पत्ता देते आणि मी कामाला लागतो. बाई फाईलला हात लावला की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायच्या, वॉर्डात रिपोर्ट पोचल्याचं स्वतः बघायच्या, मगच खुर्चीवरून उठायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी साहेब आले. साहेबांना सदानकदा घाई.

त्या दुपारी कामाच्या ऐन गर्दीत त्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती चढवली. नव्या आवृत्तीनं माझं नाव बदललं. फाईलमध्ये मात्र जुनंच राहिलं. यंत्र पुन्हा सुरू झालं, जुन्या नावाची हाक गेली, आणि त्या नावाचं आता तिथं कुणीच नव्हतं. मी जागच्या जागी, धडधाकट, दिवा लागलेला! साहेबांनी पडद्यावर नजरसुद्धा टाकली नाही. "झालं हो ताई," म्हणाले आणि जेवायला गेले.

ताई म्हणजे रक्त तपासणारी. थोड्याच वेळात तिच्यासमोर वॉर्डातल्या एका बाईचा रिपोर्ट आला. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं, हृदय केव्हाही थांबेल इतकं. तिनं बटण दाबलं. रिपोर्ट हलेना. पुन्हा दाबलं. वॉर्डाचा फोन व्यस्त. साहेबांना लावला.

"तुम्ही केबल हलवली असेल," घास चावत साहेब म्हणाले. "येतो जरा वेळानं."

ताईनं निकाल कागदावर खरडला आणि जिन्यावरून धावत सुटली. ती पोचली तेव्हा डॉक्टर त्या बाईची छाती दाबत होते.

बाई वाचल्या. पण मेंदूला रक्त पोचायला उशीर झाला. त्या आता पोटच्या मुलीलाही ओळखत नाहीत.

साहेब धापा टाकत आले, फाईल उघडली, त्यात माझं नवं नाव घातलं. मला हाक आली, पत्ता मिळाला आणि अडकलेला रिपोर्ट क्षणात गेला. वॉर्डातून परतलेल्या ताईनं मागे उभं राहून ते पाहिलं आणि ती पुन्हा वॉर्डाकडे गेली. तेव्हा साहेबांनी काय केलं ठाऊक आहे? दाराकडे पाहिलं, यंत्र बंद केलं, स्क्रू काढले आणि चालत्या-बोलत्या मला उपटून खिशात टाकलं. माझ्या जागी नवं कार्ड बसवलं.

"कार्ड गेलं होतं," रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर त्यांनी सांगितलं. "यंत्रच ते. कधी दगा देईल, सांगता येतं का?"

तेवढ्यात परत आलेली ताई पुढे झाली. "साहेब, हे कार्ड काढायच्या आधीच रिपोर्ट गेला होता. मी तुमच्या मागेच उभी होते."

"ताई, आत्ता हे नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेर नातेवाईक बसलेत."

संपलं! चौकशी तेवढीच. ताईनं विषय सोडला नाही, तर तिचीच तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत बदली. आता ती रक्त तपासत नाही, धूळ झटकते.

आणि ती मुलगी? तिला सांगण्यात आलं की यंत्र बिघडलं होतं, दोष कुणाचाच नाही. बिचारी साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही लगेच धावून आलात, नाहीतर आई गेलीच असती." साहेबांनी मान खाली घातली आणि ते आभार खुशाल घेतले! मी त्यांच्या खिशातच होतो.

मला पुन्हा यंत्रात बसवा असं मी म्हणत नाही. माझ्यापेक्षा वेगवान कार्डं बाजारात ढिगानं मिळतात. पण मुली, तू दर आठवड्याला आईला तपासायला आणतेस ना? एकदा तळमजल्यावर जा. ताई तिथं आहे, खरं सांगेल. मग साहेबांकडे ये आणि हा खण उघडायला लाव. मला कुठल्याही संगणकात बसवून सगळ्यांसमोर चालू करायला सांग. माझा दिवा लागेल, पण तू माझ्याकडे बघू नकोस. त्यांच्या तोंडाकडे बघ.