म्हाळूचं मंजूर

चकलांब्याकडच्या सहकारी कापूस जिनिंगची विक्री सभासदांनी एकमताने नामंजूर केली. असं काही झालेलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या दिवशी मंडप गच्च भरला होता आणि त्यातल्या एकालाही ते आठवत नाही.

म्हाळू जिनिंगचा शिपाई. कागदावर काम पाणी द्यायचं. खरं काम वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेत. चेअरमनसाहेब ठराव वाचायचे, मागच्या रांगेतून म्हाळू "मंजूर" म्हणायचा आणि त्याच्यामागे सगळा मंडप. गळा मेंढरं वळून कमावलेला, माईक लागायचा नाही. एकदा माईकवाल्याच्या "हॅलो, टेस्टिंग"लाही त्याने मंजुरी दिली होती. एका वर्षी माजी चेअरमनच्या श्रद्धांजलीलाही. घरच्यांना वाईट वाटलं, पण ठराव होऊन गेला होता.

यंदा सातवा ठराव जिनिंग एका कंपनीला विकायचा होता. समाजवादाचे दिवस गेले, आता बाजार खुला झालाय, असं चेअरमनसाहेब सांगत फिरत होते. बाजार इतका खुला होता की कंपनी त्यांच्या जावयाचीच निघाली.

आदल्या दिवशी सेक्रेटरी भारतने म्हाळूला बाजूला घेतलं. कंपनी त्याला वॉचमन ठेवणार, ड्रेस देणार. त्याने फक्त नेहमीसारखं ओरडायचं. म्हाळूने ड्रेसचा रंग विचारला, शिट्टी मिळेल का तेही विचारून घेतलं. मग म्हणाला, "आन् कंपनीत सभा कवा आसती?"

"मामा, कंपनीला सभा कावून लागंल? मालकच इचारतो, मालकच हो म्हणतो."

म्हाळूच्या बापाने दोन मेंढ्या विकून जिनिंगचा शेअर घेतला होता. त्या मेंढ्यांच्या जोरावर म्हाळू वर्षातून एक दिवस मालक असायचा. रात्री त्याने रतनबाईला सगळं सांगितलं. तिचं भाकरी थापणं थांबलं नाही.

"मेंढरं वळायचा गळा तुमचा," ती म्हणाली. "जल्मभर त्यानं माणसं वळिली. आता खड्ड्याकडं नगा वळू."

सातवा ठराव वाचून झाला. चेअरमनसाहेबांनी सवयीने मागच्या रांगेकडे पाहिलं. म्हाळू उभा राहिला, टोपी नीट केली.

"नामंजूर."

मंडपही सवयीने गरजला, नामंजूर. जावईसुद्धा ओरडले, ते नवीन होते, म्हाळूच्या मागे म्हणायचं एवढंच त्यांना सांगितलेलं होतं.

चेअरमनसाहेबांना ठसका लागला. पाणी म्हाळूनेच नेऊन दिलं. मग आठवा ठराव, आभाराचा. सभेचं प्रोसिडिंग आदल्या दिवशीच टाईप होऊन तयार होतं, आठही ठराव सर्वानुमते मंजूर. लोक जेवायला उठले.

दसऱ्याला गेटवर कंपनीचा बोर्ड लागला. शिट्टी दुसऱ्याच कुणाला मिळाली. म्हाळू आता मेंढरं घेऊन त्याच गेटवरून जातो आणि महिन्याच्या महिन्याला लेकीकडून, धनश्रीकडून, एक अर्ज लिहून घेतो. संस्था उरलेली नाही, त्यामुळे तो कुणाकडे द्यावा ते कळत नाही. म्हणून गेटच्या फटीतून आत सरकवतो.

'महोदय, ठराव क्रमांक सातमधील "सर्वानुमते मंजूर" यातून अर्जदाराचा आवाज वजा करण्यात यावा. उर्वरित ठराव कायम ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही. वजा केलेला आवाज अर्जदारास परत मिळावा, ही नम्र विनंती.'